गजकर्णाची बुरशी, म्युकरचं वर्ष आणि फेकून दिलेल्या ट्यूब : पुण्यातल्या एका संशोधन करिअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका मायकॉलॉजिस्ट, म्हणजे बुरशीचा अभ्यास करणाऱ्या, बाईंचं आहे. नाव, संस्था, हॉस्पिटल यातलं काहीच लिहीत नाहीये, त्याच अटीवर त्यांनी हो म्हटलंय, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील इकडचे तिकडे केलेत. लॅबमध्ये सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आपणही मॅडमच म्हणू.

बुरशीवर काम करायला पुण्यात तशी जागा कमी नाही. आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पण माणसाला आजारी पाडणारी बुरशी हा विषय मात्र धड इकडे ना धड तिकडे. बॉटनीवाले म्हणतात हे मेडिकलचं, मेडिकल कॉलेजात गेलं की तिथे एमडी मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं राज्य, एमएस्सी-पीएचडी माणसाला रिपोर्टवर सही करायला सहसा मिळत नाही. मॅडम एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून २०१३ च्या सुमाराला पीएचडीला लागल्या आणि त्यांनी विषय घेतला डर्मॅटोफाइट्स, म्हणजे गजकर्ण, नायटा करणाऱ्या बुरशी. गाइड सर त्यांना म्हणाले होते, "अगं, यात कोण मरत नाही, ग्रँट कोण देणार?" सर चुकीचं बोलत नव्हते. कँडिडा, अ‍ॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस यांच्यावर काम करणाऱ्याला निदान आयसीयूचा आधार असतो, खाजेला कोण विचारतंय.

पण ओपीडीत तेव्हा काहीतरी बदलत होतं. पूर्वी अंगावरच्या गजकर्णाला टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाची २५० मिलीग्रॅमची गोळी दोनेक आठवडे दिली की बहुतेकांचं काम व्हायचं, आता पेशंट महिन्याभराने परत, तिसऱ्या महिन्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन परत. त्यात मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या क्रीम, एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं कडक स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल. लावलं की दोन दिवसांत खाज आणि लाली गायब, बुरशी मात्र आतल्या आत पसरत जाते, आणि डाग असा बदलतो की स्किनच्या डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका, भिजलेली जीन्स तशीच दिवसभर अंगावर, चाकणच्या कंपनीत सेफ्टी शूज घालून पूर्ण शिफ्ट उभं राहायचं, कॉट बेसिसवर राहणारी मुलं एकच टॉवेल वापरतायत.

मॅडम सकाळी ओपीडीच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसायच्या. डागाची कडा स्पिरिटने पुसायची, बोथट ब्लेडने खरवडून कोंडा काळ्या कागदावर घ्यायचा, त्यातला थोडा काचपट्टीवर दहा टक्के केओएचमध्ये (कोंडा विरघळवून बुरशी दाखवणारा क्षार), बाकीचा ट्यूबमधल्या सॅबुरो अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर. या अगारात सायक्लोहेक्सिमाइड आणि क्लोरॅम्फेनिकॉल घालावं लागतं, नाहीतर हवेतल्या इतर बुरशी आणि बॅक्टेरिया आधी सगळी ट्यूब खाऊन टाकतात. मग वाट बघायची, काही वेळा चार आठवडे. आणि सोबत एक लांबडं रजिस्टर, त्यात पेशंटने आधी कुठली क्रीम लावली, किती महिने, गोळ्या मध्येच सोडल्या का, घरात अजून कोणाला आहे, सगळं हाताने लिहिलेलं. पेशंटला क्रीमचं नाव आठवायचं नाही, तर मॅडम मोबाइलमध्ये ट्यूबांचे फोटो दाखवून विचारायच्या, "काका, यातली कुठली?"

अडचण कुठे सुरू झाली

पहिला निर्णय इतका छोटा होता की तो निर्णय आहे हेच तेव्हा कोणाला वाटलं नाही. लॅबमध्ये जागा नव्हती. मायनस ऐंशीच्या डीप फ्रीजरमध्ये विद्यार्थ्याला एक रॅक, तीही भांडून. सगळ्या ट्यूब ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ठरलं की जे पेशंट औषधाने बरे झाले नाहीत त्यांचेच आयसोलेट, म्हणजे त्यांच्या डागातून वाढवलेली बुरशी, ठेवायचे, जे बरे झाले त्यांचे ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाखाली मारून) टाकून द्यायचे. प्रश्न "औषध का लागू पडत नाही" हा होता ना, मग ज्यांना लागू पडलं त्यांची बुरशी ठेवून काय करायचंय! तेव्हा हे सगळ्यांना पटलं होतं, सरांनाही.

दुसरी गोष्ट त्याच जागेच्या टंचाईतून झाली, पण ती भल्यासाठी. डर्मॅटोफाइट्सची एक खोड असते, अगारवर पुन्हा पुन्हा उतरवत राहिलं तर ती पांढरी, कापसासारखी होत जातात, बीजाणू धरत नाहीत, आणि एकदा तसं झालं की सहसा मागे येत नाहीत. मग ती ओळखताही येत नाहीत आणि टेस्टलाही नीट वापरता येत नाहीत. शिवाय बुरशीच्या लॅबमध्ये माइट्स, म्हणजे बारीक किडे, शिरले की एका ट्यूबमधून दुसरीत चालत जाऊन सगळ्याची भेसळ करून ठेवतात. लॅबचे मामा जुने, त्यांनी आधीच्या एका प्राध्यापकांकडे पाहिलेली पद्धत सांगितली : रबरी बुचाच्या छोट्या बाटलीत निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर, त्यात कल्चरचे दोनचार तुकडे, बूच घट्ट, बाटली कपाटात. फ्रीज नको, लाइट नको. कास्टेलानीची पद्धत म्हणतात ती हीच, वर्षानुवर्षं टिकते. मॅडमनी निम्म्याहून जास्त आयसोलेट असे पाण्यात ठेवले, बाकीचे फक्त ग्लिसरॉलमध्ये फ्रीजरला.

पीएचडी झाली. मग बाळंतपण, मग घरातलं आजारपण, मोठा खंड. २०१९ मध्ये त्या डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, महिला वैज्ञानिक योजनेतून परत आल्या, ही योजना करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठीच होती आणि असल्या प्रकरणात ती फार उपयोगी पडायची हे मुद्दाम लिहितोय. दरम्यान मैदान बदललेलं. दिल्लीच्या गटाने २०१८ मध्ये दाखवून दिलं होतं की टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या आयसोलेटमध्ये स्क्वालीन इपॉक्सिडेज या जीनमध्ये बदल आहेत. हे एन्झाइम बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्यासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवर असतं, टर्बिनाफिन नेमकं तिथेच बसतं, आणि एक अमिनो आम्ल बदललं, उदाहरणार्थ ३९७ व्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिनच्या ऐवजी ल्युसीन, की औषध तिथे धड बसतच नाही. म्हणजे मॅडमच्या कपाटात जे होतं ते आता ऐरणीवरचं होतं.

मग मार्च २०२० आला. लॉकडाऊन, संस्था बंद, मामा राहायला सिंहगड रोडच्या पुढे, पास मिळेपर्यंत दिवस गेले. मधल्या काळात कधीतरी लाइट गेले, परत आले, फ्रीजर ट्रिप झालेला तसाच राहिला. उघडलं तेव्हा आत कोमट पाणी आणि वास. फक्त ग्लिसरॉलमध्ये असलेलं सगळं गेलं. कपाटातल्या पाण्याच्या बाटल्यांना काही झालं नव्हतं.

२०२१ : समोर कोणते पर्याय होते

कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकर, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते तो आजार, आला. डायबिटीस, त्यात स्टिरॉइडचा भडिमार, आणि सायनस, डोळा, टाळू सडवत जाणारी बुरशी. २० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यायोग्य करायला सांगितलं, जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर केसेस झाल्या, महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात वर. त्यावरच्या अँफोटेरिसिन या इंजेक्शनच्या व्हायलसाठी लोक अख्ख्या पुण्यात फोन फिरवत होते. आणि ज्या विषयाला आयुष्यभर कोणी विचारलं नव्हतं त्या मायकॉलॉजीला एकदम बोलावणी यायला लागली. मॅडमची फेलोशिप संपत आलेली. त्यांनी तेव्हा कागदावर मांडलेले पर्याय मी पाहिलेत.

एक म्हणजे गजकर्ण सोडून पूर्णपणे म्युकरवर प्रपोजल टाकायचं. पैसा तिथे होता, नाव होतं, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबने विचारलंही होतं. दुसरा, काहीही झालं तरी आपला विषय न सोडता बसायचं, म्हणजे पगार नाही. तिसरा, कंपनी. द्राक्षांवरच्या भुरीसाठी ट्रायझोल बुरशीनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत जागा होती, पगार बरा. याच गटातली औषधं माणसालाही दिली जातात आणि शेतातल्या फवारणीतून अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीमध्ये रेझिस्टन्स येतो, म्हणजे औषध लागू पडेनासं होतं, हे नेदरलँड्सपासून भारतापर्यंत दाखवलं गेलंय, त्यामुळे मॅडमच्या मनाला ते पटेना. चौथा पर्याय परदेशी पोस्टडॉक, तो घरच्या परिस्थितीत कागदावरच राहिला.

निर्णय आणि केलेली कामं

त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबचं काम घेतलं पण दोन अटी लेखी मागून. आठवड्यातला एक दिवस डर्मॅटोफाइट्सचा, आणि कपाट सोबत येणार. लेखी मागितल्या हे महत्त्वाचं, कारण सहा महिन्यांत लॅबचे प्रमुख बदलले आणि नव्या माणसाने पहिला प्रश्न केला की हे कपाट कोणाचं आणि इथे का.

म्युकरच्या महिन्यांत त्यांनी जे केलं त्यातली एक गोष्ट सांगतो. ऑपरेशन थिएटरमधून टिश्यू यायचा, रेसिडेंट मुलगा सवयीने मोर्टरमध्ये घोटायला घ्यायचा.

"मॅडम, घोटून प्लेटला लावू?"

"अजिबात नको. ब्लेडने तुकडे कर आणि तसेच अगारवर दाबून ठेव. याचे धागे रुंद असतात, आत पडदे जवळजवळ नसतात, एक तुटला की सगळा रस सांडतो आणि मेला. घोटशील तर स्लाइडवर बुरशी दिसेल आणि कल्चर निगेटिव्ह येईल."

हे पुस्तकात आहे, पण त्या धामधुमीत बऱ्याच ठिकाणी टिश्यू घोटला जात होता आणि मग "केओएच पॉझिटिव्ह, कल्चर नो ग्रोथ" असे रिपोर्ट. तुकडे ठेवले की ऱ्हायझोपस (म्युकरच्या गटातलीच बुरशी) दोनतीन दिवसांत प्लेटच्या झाकणाला टेकतो, वाट बघावी लागत नाही.

लाट ओसरली तशा म्युकरच्या केसेसही उतरल्या. ज्यांनी पूर्ण भिस्त म्युकरवर ठेवून तीन वर्षांची प्रपोजल लिहिली होती त्यांच्यापैकी काहींना मंजुरी आली तेव्हा सॅम्पलच नव्हते. हे मी मॅडमच्या शहाणपणाचा पुरावा म्हणून लिहीत नाहीये, त्यांच्याकडे ते प्रपोजल लिहायला वेळच नव्हता हेही खरं आहे.

पुढचा पेच वेगळ्याच दिशेने आला. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी पेशंटच्या आयसोलेटवरून टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या या गजकर्णाच्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं होतं, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन पेशंटची नोंद छापली. लगेच बाहेरच्या लॅबचे मेल. सगळ्यात गोड मेल असा की तुमचे जुने आयसोलेट पाठवा, आम्ही पूर्ण जीनोम करतो, तुम्ही सहलेखक. यात दोन गाठी होत्या. जैवविविधता कायदा २००२ नुसार इथलं जैविक साहित्य परवानगीशिवाय बाहेर पाठवता येत नाही, कुरिअरच्या डब्यात ट्यूब टाकली आणि झालं असं नसतं. दुसरी गाठ जास्त अवघड होती, पेशंटची संमती. २०१३-१४ च्या फॉर्मवर "या पीएचडी अभ्यासासाठी" एवढंच छापलेलं. बुरशी द्यायला एकवेळ अडचण नाही, पण रजिस्टरमधली माहिती? आणि रजिस्टरशिवाय त्या ट्यूबांना काय किंमत, तशा बुरशी भारतात पाहिजे तेवढ्या मिळतील, २०१४ मधल्या कुठल्या पेशंटने कुठलं क्रीम किती महिने लावलं होतं आणि मग त्याच्या बुरशीत काय निघालं ही जोडी कोणाकडे नव्हती.

मॅडम एथिक्स कमिटीकडे गेल्या. नाव, फोन, पत्ता काढून टाकलेली माहिती वापरायची आणि बाहेर फक्त एकत्रित तक्ते द्यायचे, अशी सूट मागितली. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी तरतूद आहे, पण ती द्यायला कमिटीने दोन मीटिंग घेतल्या. बाहेरच्या लॅबला मॅडमनी कळवलं की ट्यूब पाठवत नाही. जीनोमचा हट्ट सोडला, इथेच स्क्वालीन इपॉक्सिडेजचा तो एक जीन सीक्वेन्स करून घेतला, एमआयसी (बुरशीची वाढ थांबवायला किमान किती औषध लागतं त्याची चाचणी) स्वतः केली, आणि महत्त्वाचे आयसोलेट चंदिगडला पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या रोगकारक बुरशींच्या राष्ट्रीय संग्रहात ठेवले, म्हणजे पुन्हा फ्रीजर गेला तरी नाव राहील.

काय झालं

पेपर लिहून पाठवला. रिव्ह्यूअर नंबर दोनने पहिल्याच ओळीत नस पकडली : बरे न झालेल्यांमध्ये जीनमधला हा बदल इतक्या जणांत सापडला, ठीक, पण जे बरे झाले त्यांच्यात किती होता?

त्या ट्यूब २०१४ मध्ये ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या होत्या. रजिस्टरमध्ये त्या पेशंटच्या नोंदी होत्या, "बरा" असा शेरा होता, बुरशी नव्हती. आता त्या वेळची तुलना उभी करणं कोणालाच शक्य नाही, आज नवीन पेशंट घेतले तरी ते आजचे, मधल्या वर्षांत बुरशीही बदलली आणि क्रीमही. दोन जर्नलनी नाकारलं. शेवटी शीर्षकातून "कारण" हा शब्द काढून, दावा खाली आणून, एका मध्यम जर्नलमध्ये तो छापून आला. तोपर्यंत बाहेरच्या एका गटाचा जीनोमवाला पेपर येऊन गेला होता. मॅडमच्या पेपरला सगळ्यात जास्त मेल आले ते स्किनच्या डॉक्टरांचे आणि तेही क्रीमच्या तक्त्यासाठी, जो त्यांनी परिशिष्टात टाकला होता.

नोकरीचं म्हणाल तर अजून काँट्रॅक्टच. कायमच्या जागेच्या एका इंटरव्ह्यूत त्यांना विचारलं गेलं की डब्ल्यूएचओच्या प्राधान्य यादीत तुमची बुरशी आहे का. २०२२ च्या त्या यादीत १९ बुरशी आहेत, कँडिडा ऑरिस आहे, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे, म्युकर गटही आहे, डर्मॅटोफाइट्स नाहीत. त्यांनी "नाही" म्हटलं आणि पुढचा प्रश्न आला नाही. दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलमध्ये आता बुरशीची औषध-चाचणी रोज चालते, डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी) मुलं त्यांच्याकडून केओएच बघायला शिकतात.

वेगळं काय करता आलं असतं

यावर आमच्या दोनतीन बैठका झाल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं असं नाही.

बरे झालेल्यांच्या ट्यूब टाकायला नको होत्या, यावर वाद नाही. पण "सगळंच ठेवायचं" हे उत्तर सोपं आहे, जागा कुठून आणायची? माझं मत असं की त्याच महिन्यातले, त्याच ओपीडीतले बरे झालेले थोडेसेच, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, पाण्याच्या बाटलीत ठेवले असते तरी रिव्ह्यूअरला तोंड देता आलं असतं. बाटलीला जागा लागत नाही. अडचण अशी की त्या वेळी पाण्याची पद्धत ही गरिबाची सोय मानली जात होती आणि फ्रीजर म्हणजे खरं काम, म्हणून जे "महत्त्वाचं नाही" ते पाण्यात ठेवायचं हेसुद्धा कोणाला सुचलं नाही. डीप फ्रीजरला तापमान वाढलं की मोबाइलवर मेसेज पाठवणारा अलार्म लावणं तर आज कुठल्याही लॅबला परवडतं, तेव्हाही परवडलं असतं, पण कुठल्याच ग्रँटच्या बजेटमध्ये तो बसत नव्हता.

संमतीचा फॉर्म पहिल्या दिवशीच मोठा करायला हवा होता, "साठवून पुढच्या संशोधनाला वापरू का, दुसऱ्या संस्थेला देऊ का" असे वेगवेगळे चौकोन. मॅडमचं यावर म्हणणं आहे की २०१३ मध्ये ओपीडीत खाजवत उभ्या असलेल्या माणसाला तो चार पानी फॉर्म वाचायला लावला असता तर निम्मे पेशंट पळाले असते. दोन्ही बरोबर.

परदेशी लॅबला नाही म्हणणं बरोबर होतं का, यावर मात्र आम्ही फुटलो. गाइड सरांचं म्हणणं की परवानगीचा अर्ज टाकून ठेवायला काय हरकत होती, वर्ष गेलं असतं पण जीनोम मिळाला असता. मला वाटतं वर्ष गेलंच, जीनोमशिवाय. मॅडम म्हणतात अर्ज टाकला असता तर लेखकांच्या यादीत त्या मध्ये कुठेतरी असत्या आणि रजिस्टर त्यांच्याकडून मागून घेतलं गेलं असतं.

आत्ता त्या नव्याने गोळा करतायत, येईल तो पेशंट, बरा झालेला आणि न झालेला दोन्ही, प्रत्येकाच्या दोन पाण्याच्या बाटल्या. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी : बरा झालेला पेशंट फॉलोअपला येतच नाही. डाग गेला की तो कशाला अर्धा दिवस सुट्टी टाकून लाइनीत उभा राहील? फोन केला तर "बरंय मॅडम, ठेवतो," आणि हे "बरंय" खरंच बरंय की क्रीम लावून दाबलंय ते फोनवर कळत नाही. मामांनी सुचवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर डागाचा फोटो मागवा. मांडीच्या आतल्या बाजूचा फोटो कोण पाठवणार, म्हणून सध्या फक्त हातापायाच्या आणि पोटाच्या डागांसाठी ते चालू केलंय, एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन, आणि जांघेतल्यांसाठी परत येण्याचा बसखर्च द्यायचा अर्ज अजून अकाउंट्समध्ये पडून आहे.